पायपाच्या पोटाखालचा दीड हात

गोड्या पान्याचा पाईप आमच्या खाडीच्या पोटातून जायचा, आनि आमी काठावर बसून मचूळ पानी प्यायचो. हे पयलं सांगते, म्हंजे पुढचं कळंल. लिहून घेतेय माझी नात. ती आत्तापासूनच नाकाला वढनी लावून बसलीय. अजून तर मी चिखलात उतरले पन न्हाय.

पाईप पल्याडच्या तीरावरनं यायचा, खाडीत बुडायचा, आमच्या पाड्याच्या अंगाला चिखलाखालनं वर यायचा आनि गोदामांच्या कंपाउंडात शिरून भिवंडीकडं जायचा. नारपोलीला, कामतघरला, सगळ्या चाळींना त्याचं पानी. पाड्याला थेंब न्हाय. कंपाउंडच्या भिंतीला एक भोक व्हतं. उन्हाळ्यात पोरी त्यात हात घालून पायपाला हात लावायच्या आनि तो थंड हात गालाला लावायच्या. आमच्या वाट्याला गोडं पानी तेवढंच, गालापुरतं.

पाड्यात एक बाव, म्हंजे विहीर व्हती. तिच्या पान्यात डाळ शिजायची न्हाय, साबनाला फेस यायचा न्हाय, न्हाऊन उन्हात बसलं का अंगावर पांढरी खार. प्यायचं पानी कशेळीच्या अंगाला एका गोदामाच्या नळावरनं आनायचं, सकाळी एक खेप, सांजची एक. डोक्यावर दोन हंडे. तिथला वॉचमन मनात आलं तर भरू द्यायचा. न्हाय तर नळ बंद करून वर आमालाच विचारायचा, "काय गं, तुमच्या खाडीचं पानी सरलं का?"

घरवाला नारपोलीला लूमवर. त्याला पान्याचं कळायचं न्हाय, त्याला भरलेला हंडा दिसायचा. दोन पोरी, त्यातली धाकटी रांगती. आनि त्याची आय. तिला मी आत्याबाय म्हनायची. डोळ्याला मोतीबिंदू, दिसायचं अंधुक, पन जीभ धारदार. बोलायला पन आनि चव घ्यायला पन. पानी तोंडात घेऊन या गालातून त्या गालात फिरवायची आनि सांगायची, "बाव हाय ही. मना फसवतेस?" एकदा खेप चुकली म्हनून मी बावेचं पानी उकळून, तुळशीचं पान टाकून दिलं. तिनं तांब्या माझ्या पायाव ओतला. "तुलस टाकली म्हनून खाडीची गंगा व्हत न्हाय गो."

मंग ऐकू आलं का पाड्याला नळ द्यायचा ठरला. मोठ्या पायपाला भोक पाडायचं, त्याला बारका पाईप जोडायचा आनि तो पाड्यात आनायचा. पन जोड द्यायचा कुठं? गोदामवाले आपल्या जागेत खोदू देईनात. राहिली खाडी, तिथं कोनाची मालकी न्हाय. म्हनून जोड चिखलात द्यायचा ठरला, पाईप जिथं वर येतो तिथं.

ठेकेदारानं भायेरचे गडी आनले. पयला गडी चार पावलं गेला आनि मांडीपर्यंत रुतला. त्याला दोरीनं वढला तेव्हा त्याची चड्डी खाली राहिली. गडी जे गेले ते परत आले न्हायत. मंग त्यांचा सुपरवायझर, घाटावरचा मानूस, रुमाल नाकाला लावून पाड्यात आला.

"मावशी, तुम्ही बायका म्हणे चिखलात चालता?"

"आमी चालत न्हाय बाबा," आत्याबाय आतनं म्हनाली, "आमी सरपटतो. पान्यासाठी सरपटतो, कालवांसाठी सरपटतो. आता तुज्यासाठी सरपटू."

आमी कालवं काढनाऱ्या बाया. ओहोटीला खाडी मागं गेली का दगडाला चिकटलेली कालवं लोखंडी टोच्यानं फोडायची, आतलं मास तांब्यात जमवायचं. पाय उचलून चाललं का रुतनार, गुडघे टेकून, पोट पुढं टाकून सरकायचं. हे आमाला लहानपनापासून येतं. चौघी तयार झालो: मी, माझी जाव आनि दोघी शेजारच्या. मजुरी व्हती, पन आमी गेलो नळासाठी.

आता चिखलाचं सांगते. शेतातला चिखोल मी हातानं खाईन. पन खाडीचा चिखोल म्हंजे सगळ्या गावाचं पोट साफ झालेलं. रंगवाल्या कारखान्यांचं पानी वरनं यायचं, एक दिवस खाडी गुलाबी, एक दिवस हिरवी, फेस असा का दुधाला उतू आलंय. तेलाचा तवंग. संडासाची गटारं. कोंबड्यांची पिसं, फुगलेलं कुत्रं, पोरांची हागवनीची फडकी. वरचा चिखोल करडा, खाली काळा. काळ्याला हात लागला का आतनं वास सुटायचा, नासकी अंडी फोडल्यावानी. तो नाकात बसला का भाकरीला पन तोच, पोरीच्या डोक्याला पन तोच. धाकटी माझ्या अंगाला यायची न्हाय त्या दिवसांत. दूध प्यायला जवळ घेतलं का तोंड फिरवायची.

उधानाच्या दिवसांत, म्हंजे अमावास्या-पौर्निमेच्या आगं-मागं, सकाळी खाडी पार मागं जायची, तेव्हाच पाईप हाताला लागायचा. चार-पाच दिवस काम. मंग भांग लागला का पानी मागं जातच न्हाय, घरी बसायचं, पुढच्या उधानाची वाट बघायची. आमी वाळूच्या गोनी लावून बांध घालायचो, आतला चिखोल घमेल्यानं काढायचो. दुपारी भरती यायची आनि सगळी घान परत आनून आत भरायची. दुसऱ्या दिशी तेच घमेलं, तीच घान, वर नवीन काय मेलेलं असंल ते. दोन उधानं नुसता चिखोल काढन्यात गेली.

तिसऱ्या उधानाला पाईप उघडा झाला. कवेत जेमतेम मावंल एवढा. बघितला आनि जाव म्हनाली, "अगो बाय, ह्याला तर बाळसं आलंय!" पायपावर कालवंच कालवं. थरावर थर. दगडावरची कालवं नखाएवढी झाली व्हती खाडी नासल्यापासून, आनि ही तळहाताएवढी.

मिस्तरी व्हता एक, यूपीकडचा, म्हातारा, पिशवीत नमाजाची टोपी आनि पाने-पकडी. त्याला आमी चिखलात फळ्या टाकून आनायचो. त्यानं फडक्यानं पाईप पुसला, पिवळ्या रंगानं दोन रेघा मारल्या, पायपाभोवती गोल. दोन रेघांच्या मधी हातभर जागा.

"मौसी, ध्यान से सुनो. इन दो लकीरों के बीच में सब छीलना है. सीपी, डामर, बोरी, सब. लोहा थाली जैसा चमकना चाहिए. लकीर के बाहर हाथ नहीं लगाना."

"का बाबा?" मी विचारलं.

त्यानं पायपावर हात फिरवला. पायपाला डांबरात बुडवलेलं गोनपाट गुंडाळलेलं असतं, वरनं खालपर्यंत. "यह इसका कपड़ा है. कपड़ा फटा, तो खारा पानी लोहे को खा जाएगा. आज नहीं, दस साल में. मगर खाएगा."

आमी माना हलवल्या. जाव मला मराठीत म्हनाली, "दहा सालांत तर आपल्याला पन खाडी खाईल."

आता आमची चूक सांगते. कालवं काढनाऱ्या बायांचा एक नेम हाय. ज्या दगडाला टोचा लावला तो दगड पुरा सोलायचा, अर्धा ठेवायचा न्हाय. अर्धा ठेवला तर दगड रुसतो, पुढच्या साली त्याला कालव धरत न्हाय. मला आत्याबायनं शिकवलं, तिला तिच्या सासूनं. मिस्तरी हात-तोंड धुवायला काठावर गेला, आनि आमी चौघी पायपाच्या चारी अंगांना बसून टोचे चालवायला लागलो. रेघेपर्यंत आलो. रेघेच्या पल्याड तीच कालवं, एकमेकांना चिकटलेली. टोचा रेघ वळखत न्हाय. हात थांबलाच न्हाय कोनाचा. कोनी बोललं पन न्हाय का चला, थोडी पुढं. नेमच तो. कशेळीच्या अंगाला आमी रेघेच्या पुढं दीड हात सोलत गेलो, आनि कालवाबरोबर डांबर आलं, डांबराबरोबर गोनपाट आलं, खाली लोखंड दिसलं, तरी आमी आपल्या तांब्यात मास टाकतोय. मी पायपाच्या पोटाखाली व्हते. माझा तांब्या सगळ्यांत आधी भरला.

मिस्तरी आला आनि त्यानं कपाळाला हात लावला. ओरडला न्हाय, हळूच म्हनाला, "यह क्या किया मौसी. नंगा कर दिया."

सुपरवायझर काठावरनं ओरडला, "ओ मिस्तरी! आज उधाणाचा शेवटचा दिवस आहे, उद्यापासून पाणी मागं जाणार नाही. भोक पाडा आणि मोकळे व्हा!"

"साहब, पहले यह ढकना पड़ेगा."

"ढका हो. चिखलात कोण बघायला येतंय?"

मिस्तऱ्यानं आधी जोड बसवला. रेघांच्या मधी लोखंड घासून घासून आमी चकाकवलं व्हतं, त्यावर त्यानं रबर ठेवलं, दोन्हीकडनं लोखंडी पट्टा आवळला, वर नळाची तोटी बसवली आनि तोटीतनं हातानं फिरवायचा ड्रिल खाली घातला. पायपात पानी चालू. आमाला वाटलं सगळी खाडी उडनार वर. त्यानं हळूहळू फिरवलं, कर्र कर्र, आनि एकदम ड्रिल आत गेला. पान्याची एक चिळकांडी माझ्या तोंडाव आली. चिखलानं भरलेलं तोंड, त्यावर ती एक थंड रेघ. मी जीभ फिरवली. गोड. त्यानं तोटी बंद केली आनि हसला, सगळे दात गेलेले.

मंग तो रेघेभायेरच्या उघड्या जागेला लागला. काठावर डांबर तापवलेलं, ते बादलीनं आनलं, गोनपाटाच्या पट्ट्या त्यात बुडवल्या. वरचं आनि बाजूचं त्यानं स्वता केलं. पोटाखाली त्याचा हात जाईना. त्यानं आमच्या चौघींच्या हातांकडं बघितलं.

"मौसी, आपका हाथ पतला है. पट्टी नीचे से घुमाकर ऊपर दो. तीन बार."

मी आडवी झाले. गाल चिखलात, कान चिखलात, हात पायपाच्या खाली खांद्यापर्यंत. दिसत काय न्हाय, हाताला कळंल तेवढंच. एकदा पट्टी घातली, ती घसरली. चिखोल पुसून परत घातली. तेवढ्यात भरती लागली. भरतीची पयली जीभ येते ना, ती पानी आनत न्हाय, पुढचं सगळं तरंगतं ते आनते. फेस आला गुलाबी. त्याच्यावर मानसाचा गू. तो डुलत डुलत आला आनि माझ्या वठाला लागला, त्या पान्याचा घोट तोंडात गेला.

मी मानसांची मळकी धुतलीत, मेलेलं धुतलंय, बाळंतिनीचं धुतलंय. मला किळस नव्हती येत कशाची, असं मला वाटायचं. त्या दिशी आली. मी तिथंच ओकले, आनि ओकलेलं परत माझ्याच तोंडाशी आलं. हातातली पट्टी मी चिखलात दाबली आनि उठले.

मिस्तऱ्यानं विचारलं, "नीचे लिपट गया?"

"लिपट गया," मी म्हनाले.

बास. एवढंच. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं, मला वाटलं कळलं याला. पन तो म्हनाला, "जाओ मौसी, मुँह धो लो."

घरी आले. राकेल लावून हाताचं डांबर काढलं. आत्याबायनं तांब्यातली कालवं शिजवून घेतली, दोन दिवस खाल्ली, बोटं चाटली. "काय मास धरलंय, लोन्यावानी. तू का खात न्हाय?" मला बघवत नव्हतं. तवापासून मी कालव तोंडात घातलं न्हाय.

महिन्याभरानं पाड्याच्या तोंडाशी नळ आला. नारळ फोडला, तोटीला हळद-कुंकू लावलं. पयला तांब्या आत्याबायला. तिनं गालात फिरवला, गिळला. मंग तिथंच नळाखाली बसली, लुगड्यासकट, आनि मला म्हनाली, "वत डोक्यावर." मी वतत राहिले. बाया म्हनाल्या, "म्हातारे, आमाला पन ठेव!" तिच्या अंगावरची खार त्या वर्षी गेली. माझ्या टाळूवर हंड्यानं घट्टा पडला व्हता, तो पन हळूहळू मऊ पडला. कशेळीचा वॉचमन एकदा रस्त्यात भेटला तर मी त्याला पान्याचा पेला देऊ का विचारलं. त्यानं तोंड फिरवलं. असं बरंच चाललं, वर्षानुवर्षं, आनि मी ती पट्टी विसरले. म्हंजे दिवसा विसरायचे.

धाकटी सातवीत गेली त्या साली, एका सकाळी आत्याबायनं पानी तोंडात घेतलं आनि थुंकलं.

"ह्यात खाडी हाय."

जाव हसली. "म्हातारीची जीभ गेली गं आता. डोळे गेले, जीभ गेली, काय राहिलं?"

"तू राहिलीस," आत्याबाय म्हनाली, "तुला काय चव."

मी तांब्या घेतला आनि एक घोट प्याले. इतर कोनाला कळलं नसतं. मला कळलं. तोच घोट, जो चिखलात आडवी असताना तोंडात गेला व्हता. मी तो थुंकला न्हाय. गिळला.

मंग सगळ्यांनाच कळायला लागलं. नळ सुटला का पयले दोन हंडे काळपट, नासका वास. नंतर साफ यायचं. पानी दिवसभर नसायचं, आनि ज्या वेळेला वरनं बंद असंल त्या वेळेला पाईप रिकामा होऊन खाडी आत चोखून घ्यायचा, तान्हं पोर चोखतं तसा. पावसाच्या तोंडाशी पाड्यात हागवन लागली. घराघरांत. माझी धाकटी आठ दिवस आडवी, डोळे आत गेलेले, आनि मी तिची फडकी धुतेय. त्याच पान्यानं. एकदा हंड्याच्या बुडाशी बारीक लाल किडे वळवळताना दिसले. मी हंडा उलटा केला आनि तिथंच बसून राहिले.

आत्याबायनं नळाचं पानी बंदच केलं. मी परत कशेळीला जायला लागले, पन्नाशीच्या घरात, दोन हंडे, तीच वाट. वॉचमन नवीन, टोमना तोच. जाव म्हनायची, "कशाला जीव काढतेस, उकळून दे की." मी काय सांगनार. मला त्या वजनाखाली बरं वाटायचं.

पानी खात्याची मानसं आली. जोडापाशी खोदलं, जोड बघितला, परत बुजवलं. पुढच्या उधानाला परत आली. जोड घट्ट. तरी पाड्यातले बाप्ये म्हनायचे, "तो भैया मिस्तरी चोर. हलका माल घातलान." मी ऐकत व्हते. ज्यानं सांगितलं व्हतं का कपडा फाडू नका, त्याच्याच नावानं शिव्या. तो बिचारा कुठं व्हता, जित्ता व्हता का, कोनाला ठावं. चार उधानं मी ऐकत राहिले. लाज न्हाय सांगत, भ्या सांगते. बाया मला फाडून खातील असं वाटायचं.

मंग एक दिवस पानी खात्याचा सायेब आला, तरना पोरगा, बुटाला चिखोल लागू नये म्हनून दगडावर उभा. पाड्यातली मानसं जमली.

"जोडात दोष सापडत नाही," सायेब म्हनाला. "पण घाण आत येते ती इथूनच कुठून तरी. आम्ही जोड काढून टाकतो, भोकावर झाकण लावतो. शहराचं पाणी खराब होता कामा नये."

"आनि पाड्याचं?" कोनी तरी विचारलं.

"पाड्याचा नळ बंद. टँकरसाठी अर्ज करा."

आत्याबाय दारात बसली व्हती. तिनं मान वर केली न्हाय, नुसतं म्हनाली, "गेला मंग."

ते दोन शब्द मी ऐकले आनि पुढं झाले. "सायेब, जोडात न्हाय. जोडाच्या पल्याड बघा. कशेळीच्या अंगाला, पिवळ्या रेघेपासून दीड हाताच्या आत, पोटाखाली. तिथं पाईप उघडा हाय."

"तुम्हाला कसं माहीत, मावशी?"

"मीच ठेवला."

शेजारनीचा आवाज निघाला, "आगो सटवे! इतकी वर्सं आमाला खाडी पाजलीस? माझी पोरं हागून मेली असती!" दुसरी म्हनाली, "आनि वर कशेळीचं गोडं पानी आपल्या सासूला!" कोनी काय, कोनी काय. बाप्यांनी पन तोंडसुख घेतलं. मी उभी राहिले.

शेवटी जाव म्हनाली, मान खाली घालून, "कालवं चौघींनी सोलली व्हती."



सायेब म्हनाला पुढच्या उधानाला खोदून बघू. मानसं आनली, त्यांनी बांध घातला, चिखोल काढला. आता तर प्लास्टिकच्या पिशव्या पन, हात घालंल तिथं पिशवी, पिशवीत काय असंल ते विचारायचं न्हाय. पाईप उघडा झाला, पन पोटाखाली कोनी हात घालेना. एक गडी वाकला आनि परत उठला, तोंडाला हात लावून.

मी पदर खोचला.

"मावशी, तुम्ही नको," सायेब म्हनाला.

"दुसरं कोन हाय?"

आडवी झाले. तोच गाल. अंग आता म्हातारं, खांदा कुरकुरला. हात खाली गेला. आधी कालवं लागली, परत वाढलेली, मोठाली. मंग चिखलात एक थंड धार बोटाला लागली. सगळं कोमट, बुळबुळीत, आनि त्यात ती थंड. बोट पुढं सरकवलं तर करंगळी गेली आत. लोखंड बिस्कुटावानी झालं व्हतं, बोटानं कड तुटली.

"हाय," मी म्हनाले. "करंगळीएवढं."

आजूबाजूची कालवं काढायला लागनार व्हती पट्टा बसवायला. टोचा घेतला आनि जागेपुरती काढली. त्याच्या पुढं चांगली मूठ-मूठ व्हती, लोन्यावानी मास असलेली. त्यांना हात लावला न्हाय. जन्मात पयल्यांदा मी दगड अर्धा ठेवला.

त्यांनी वरचं पानी बंद केलं, रबर घालून लोखंडी पट्टा आवळला. मंग गुंडाळायचं आलं. आता डांबराचा तयार पट्टा मिळतो, चिकट, काळा, तापवायला लागत न्हाय. सायेब म्हनाला, तीन वेढे. मी खालनं घालत राहिले, वरनं एक गडी घेत राहिला. दुसऱ्या वेढ्याला भरतीची जीभ आली. फेस, पिशवी, आनि पिशवीच्या मागं काय ते मी बघितलं न्हाय, डोळे मिटले. तोंडाशी आलं. मी वठ घट्ट धरले. हात थांबवला न्हाय. तिसरा वेढा झाला. मंग मी स्वताहून चौथा घातला.

"मावशी, तीन झाले," गडी म्हनाला.

"मला मोजता येतं," मी म्हनाले. "वढ."

वर आले तेव्हा बाया काठावर उभ्या व्हत्या. कोनी शिवी दिली न्हाय, कोनी हात पन दिला न्हाय. जावनं एक बादली पानी आनून पुढं ठेवली आनि गेली.

पानी खात्यानं दोन दिवस पाईप धुतला, औषध सोडलं. तिसऱ्या सकाळी नळ सुटला. पयला हंडा, दुसरा हंडा, पांढरं सफेद. पन पाड्यातलं कोनी तोंडाला लावेना. सगळ्या हंडे घेऊन माझ्या दाराशी उभ्या, का म्हातारी काय म्हनते.

मी तांब्या भरून आत्याबायच्या हातात दिला. तिनं घोट घेतला. या गालात, त्या गालात. कितीतरी वेळ. मंग नाकपुड्या फुगवल्या आनि तोंड वाकडं केलं.

"वास येतो गो."

बायांत कुजबूज सुटली. "पान्याला?" मी विचारलं.

तिनं घोट गिळला आनि परत तांब्या तोंडाला लावला.

"पानी साखर हाय," ती म्हनाली. "तुज्या हाताला येतो. जा, हात धू."

बाया हसल्या आनि नळावर पळाल्या. मी त्यांच्या मागं रांगेत उभी राहिले, माझा नंबर आला तेव्हा राखेनं हात धुतले, तीनदा. वास गेला न्हाय. मंग तसाच तांब्या भरला.